मी दोन-सहाचं वर्तुळ

मी वर्तुळ बोलतोय. शाळेच्या फळ्यावरचं नाही, कंपासपेटीवाल्या पोरांच्या वहीतलंही नाही. मी मोबाईलच्या काचेमागे राहतो आणि बायकांना बांगडीचं माप सांगतो. बाजारात ज्या मापाला 'दोन-सहा' म्हणतात, ते माप माझं. माझ्या आजूबाजूला दोन-दोन, दोन-चार, दोन-आठ अशी माझीच भावंडं आहेत, पण ती पडली मुखदुर्बळ. सगळ्यांच्या वाटची बोलणी मी एकट्यानं खाल्ली, म्हणून बोलायचा मानही माझाच.

आधीच सांगून ठेवतो, मी चिडलेला आहे. आपली कहाणी सांगणारे बहुतेक जण शेवटाकडे येऊन डोळे पुसतात. माझं डोकं मात्र पहिल्या ओळीपासूनच तापलेलं आहे, आणि सगळं ऐकल्यावर तुम्हीही म्हणाल की तापलं ते उगाच नाही.

माझा जन्म अमरावतीला, राजापेठेत. ट्यूशन क्लासच्या पाट्यांखाली आणि स्कूटींच्या गर्दीमागे हलीमाबीचं काचेच्या बांगड्यांचं दुकान आहे. हलीमाबी म्हणजे साधी दुकानदारीण नव्हे. लग्नघरी जाऊन नवरीला हिरवा चुडा भरायचा तर तो तिनंच, असं मोर्शीपासून धारणीपर्यंत ठरलेलं. पेटी घेऊन ती एसटीनं जायची, जीपनं जायची, नवरीचा पंजा हातात घेऊन अंगठ्याच्या बुडाशी दाबायची आणि नुसत्या त्या दाबण्यावरून नंबर सांगायची. मग तिच्या गुडघ्यांनी दगा दिला. एसटीची पायरी तिला चढवेना, आणि गावोगावची लग्नघरं हळूहळू दुसऱ्यांकडे वळू लागली.

तिचा नातू हसनैन, तिच्या अकोल्याच्या लेकीचा मुलगा, कॉम्प्युटर शिकायला अमरावतीला नानीकडे राहत होता. पोरगा हुशार. शिकला उर्दू शाळेत. मराठी शिकला क्रिकेटच्या मैदानावर आणि बसस्टँडवर. त्याच्या डोक्यात आलं की नानीला गावोगाव जाता येत नसेल तर दुकानानंच गावोगाव जावं. त्यानं दुकानाचं वेबपेज बनवायला घेतलं.

"बाईनं आपली रोजची बांगडी मोबाईलवर ठेवायची, नानी. ज्या गोलात ती बरोबर बसली, तो तिचा नंबर. आपण तेवढ्या पाठवून द्यायच्या."

"अन् हात कोन दाबून पाहीन?"

"हात दाबायचं कामच नाही. एसव्हीजी आहे ना."

"तो तं माहाबी काढला होता डॉक्टरनं," हलीमाबी म्हणाली. "छातीले तारा लावून."

तो ईसीजी, हा एसव्हीजी, असं हसनैन समजावत बसला नाही. मी समजावतो, कारण माझ्या सगळ्या दुःखाचं मूळ तिथेच आहे. एसव्हीजी म्हणजे आकड्यांनी काढलेलं चित्र, मी फोटो नाही. फोटो ठिपक्यांचा असतो, ताणला की धुरकट होतो. मी नुसता हिशेब आहे: मध्य इथे, कड एवढ्या अंतरावर, रेघ अमुक जाडीची. मला तिळाएवढा करा, नाहीतर घराएवढा करा, माझी रेघ तशीच स्वच्छ. ऐकायला छान वाटतं. पण ज्याला कितीही मोठं आणि कितीही लहान होता येतं, त्याला स्वतःचं असं माप नसतं. कोणीतरी सांगावं लागतं. आणि सांगणारे कसे असतात, ते आता ऐका.

पहिल्या दिवशी हसनैन माझी रुंदी-उंची लिहायलाच विसरला. रुंदी दिली नाही की आम्ही मिळेल तेवढी जागा व्यापतो, ही आमची खोड. मी पानभर पसरलो. दुकानाचं नाव, पत्ता, फोन, सगळं ढकलत ढकलत खाली गेलं. हसनैन माझ्यावर ओरडला. अरे, तू सांगितलं होतंस का कुठे थांबायचं?

मग त्यानं रागानं रुंदी-उंची लिहिली, पण व्ह्यूबॉक्स लिहिला नाही. व्ह्यूबॉक्स म्हणजे माझं अंगण. रुंदी-उंची म्हणजे पानावर मला मिळालेली खोली. अंगण किती ते सांगितलं, तर मी ते सगळं खोलीत नीट मावेल असं लहानमोठं करून घेतो. नाही सांगितलं, तर माझा जो कोपरा खोलीत आला तेवढाच दिसतो. झालं तसंच. माझा डावीकडचा वरचा तुकडा तेवढा दिसू लागला, आणि शेजारच्या क्लासमधल्या मुली पेज बघून विचारू लागल्या की हे कलिंगडाची फोड विकतात का.

पुढे अंगण मिळालं, तर 'प्रमाण राखू नको' असा एक हुकूम त्यानं कुठूनतरी उचलून माझ्यात चिकटवला. मी लांबट झालो. अंडं. वर्तुळाच्या आयुष्यात याहून मोठी बेअब्रू काय असते सांगा! शिवाय अंगण कडेला कड लावून आखलेलं, म्हणून माझ्या रेघेची अर्धी जाडी चारही बाजूंनी कापली जायची. एवढं सगळं होऊनही मी चूप होतो. पोरगं शिकतंय, म्हटलं.

शेवटी त्यानं सगळं जागेवर आणलं. हे मोबाईल इंच म्हटलं की खरा इंच दाखवत नाहीत, जो तो आपल्या मनाचा इंच काढतो, हेही त्याच्या लक्षात आलं. मग त्यानं आधी एटीएम कार्ड काचेवर उभं ठेवायला लावलं, बोटानं चौकट कार्डाएवढी करायला लावली, आणि त्यावरून खरा इंच धरला. तिथे मात्र मी त्याला मनातल्या मनात शाबासकी दिली. मग त्यानं माझं माप लिहिलं. दोन-सहा म्हणजे २.६ इंच. ठोकून दिलं.

मी ऐकलं. मला दुसरं येतं काय?

एक भानगड तेव्हाच झाली होती, पण तिच्याकडे कोणी बघितलं नाही. बांगड्यांत दोन-दहा नावाचं मोठं माप असतं, भरलेल्या हाताच्या बाईचं. हसनैननं ते २.१० असं लिहिलं, आणि आमच्यातलं थोरलं भावंड सगळ्यांत धाकटं होऊन रांगेत पहिलं येऊन उभं राहिलं. धारणीच्या एका बाईनं फोन करून विचारलं, "हे दोन-दहा हाये का पोरीच्या भातुकलीची बांगडी?" हसनैननं डोकं खाजवलं आणि ते मापच पेजवरून काढून टाकलं. हे माप कोणी मागतंच कुठं, म्हणाला. अरे, आत्ताच एकीनं मागितलं की!

आणि सगळ्यांत मोठं नवल सांगू? दुकान छतापर्यंत बांगड्यांनी भरलेलं. हात लांब केला की बांगडी. पण माझ्यावर त्यातली एकही बांगडी ठेवून बघावी, असं कोणाला वाटलं नाही. हसनैन कोड बघत होता आणि हलीमाबी कौतुक बघत होती. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती सांगायची, "माह्या नातवानं दुकान मोबाईलात घातलं."

मोर्शीच्या गोदाबाईंचा फोन आला तो याच दिवसांत. गोदाबाईंचा संत्र्याचा बगीचा, घर माणसांनी भरलेलं. त्यांच्या लग्नातला चुडा हलीमाबीनं भरला होता. आता त्यांच्या प्रणालीचं लग्न ठरलं होतं.

"हलीमाबी, पोरीचा चुडा तुमच्याच दुकानचा पाह्यजे. येता येत नाही तं नका येऊ, पण बांगड्या तुमच्याच. ते मोबाईलचं म्हनता ना, त्याच्यावर मोजून घेते प्रणाली."

फोन ठेवल्यावर हलीमाबीनं डोळ्याला पदर लावला. गुडघे गेल्यावर तिला आलेला हा पहिला चुडा होता. तो नीट पोचला तर गावोगावची लग्नघरं परत मिळतील, आणि नाही पोचला तर तिच्या हातचा हा शेवटचा चुडा, हे तिला कळत होतं. खोटं कशाला बोलू, मलाही कळत होतं.

प्रणालीनं आपली रोजची बांगडी काचेवर ठेवली. आधी माझ्यात ठेवली. चारही बाजूंनी जागा उरली. पोरगी नाजूक दिसते, असं मी समजलो. मग तिनं ती दोन-चारच्या गोलात ठेवली, तर जवळपास बसली. तिनं दोन-चार कळवलं. हलीमाबी दोन-चारच्या बांगड्या काढताना जरा थांबली. "गोदाबाईचा हात तं दोन-सहाचा. असो. आजकालच्या पोरी खातेत तरी काय!" असं म्हणून तिनं हिरव्यागार बांगड्या कापसात बांधल्या आणि पाठवल्या.

त्या पोचल्या तेव्हा हलीमाबी गुडघ्यांच्या डॉक्टरकडे अकोल्याला गेली होती. दुकानात हसनैन एकटाच. मोबाईलवर गोदाबाईंचा आवाजातला निरोप आला.

"हसनैन बाबू, हलीमाबीले सांगजो, बांगड्या वाढल्या गा. भरता भरताच वाढल्या सगळ्या. आता दुसऱ्या लवकर पाठव, लग्न जवळ आलं."

तुम्ही मराठी माणसं. तुम्हाला लगेच कळलं असेल. बांगडीला तुम्ही 'फुटली' म्हणत नाही. तो शब्द अशुभ, म्हणून 'वाढली' म्हणता. पण ते हसनैनला कोण सांगणार? आणि मला कोण सांगणार? माझ्या जगात वाढणं म्हणजे मोठं होणं, त्याला दुसरा अर्थच नाही.

हसनैननं निरोप पुन्हा ऐकला. बांगड्या वाढल्या, म्हणजे मोठ्या गेल्या. मोठ्या का गेल्या? तर पेजवरचे गोल लहान पडले असतील, म्हणून. त्यानं असा चोख हिशेब केला आणि आम्हा सगळ्या भावंडांना आणखी मोठं केलं! आम्ही आधीच मोठे होतो. गोल मोठा म्हटला की बाईची बांगडी त्यात हलते, ती खालचा नंबर निवडते, आणि तिच्या हातात येते लहान बांगडी. जखम होती डाव्या हाताला, मलम लागलं उजव्या हाताला, आणि तेसुद्धा तिखटाचं.

मी ओरडू शकलो असतो तर ओरडलो असतो, असं म्हणणार होतो. पण खरं ते सांगतो. मलाही वाटलं, बरोबर केलं पोरानं.

"माफ करा काकू, दुरुस्त केलं," त्यानं गोदाबाईंना कळवलं. "एकदा पुन्हा मोजून घ्या."

प्रणालीनं पुन्हा मोजलं. या खेपेला तिची बांगडी दोन-दोनच्या गोलात बसली. दोन-दोन म्हणजे शाळकरी मुलीचं माप. हलीमाबी दुकानात असती तर तिनं डबाच उघडला नसता. हसनैननं उघडला, बांधला आणि पाठवून दिला.

यावेळचा फोन हलीमाबीनं घेतला. ती नुकतीच अकोल्याहून परतली होती, पाय लांब करून खुर्चीत बसली होती. फोन स्पीकरवर होता.

"हलीमाबी, याबी वाढल्या." गोदाबाईंचा आवाज कोरडा होता. "पोरीच्या हाताले काच लागली. नेमकी नवरदेवाची आत्या घरात होती. दोनदा बांगडी वाढली, लक्षन बरं नाही म्हने. माह्या लग्नात तुमी भरलेला चुडा किती दिवस टिकला होता, अन् आता तुमीच असं करसान तं आमी कोनाकडं पाहाव? राहू द्या आता. इथूनच पाहून घेतो आमी."

फोन बंद झाला. हलीमाबीनं तो बाजूला ठेवला. मग तिनं हसनैनला हाक मारली.

"दोनदा वाढल्या म्हनते. पहिल्यांदा वाढल्या तवा मले कावून नाही सांगतलं?"

"मी दुरुस्त केलं ना, नानी. मोठ्या गेल्या होत्या, म्हणून..."

"कोन म्हने मोठ्या गेल्या?"

"त्याच म्हणाल्या. वाढल्या."

हलीमाबीनं कपाळावर हात मारला. "या अल्ला! अरे, वाढल्या म्हंजे फुटल्या! आपन नाही का म्हनत, चूडी ठंडी झाली? तसं हे लोक म्हनते वाढली. दुकानाच्या पूजेले समोरच्यानं नारळ वाढवला, तवा तू खोबरं खाल्लं ना? मंग तो नारळ मोठा होऊन राह्यला होता काय?"

हसनैनचा चेहरा बघवेना. मी काचेमागून त्याच्याकडे बघत होतो, आणि तेवढ्यात पहिल्यांदाच जन्मघरची बांगडी माझ्यावर आली. हलीमाबीनं दोन-सहाच्या डब्यातून एक हिरवी बांगडी काढून माझ्यावर ठेवली. ती माझ्यात परातीतल्या वाटीसारखी पडली.

"हे दोन-सहा?" ती म्हणाली. "हा गोल कोनाच्या हाताचा हाये? पैलवानाच्या?"

हसनैननं मागच्या खेपेला वाढवलेलं माप आधी काढून टाकलं. तरीही मी मोठाच. त्यानं विचारलं, "नानी, सहा म्हणजे काय?"

"सहा म्हंजे सहा. डब्ब्यावर लिहून येते."

"काय सहा? कशाचे सहा?"

हलीमाबीला ते सांगता येईना. सगळा जन्म तिनं दोन-सहा म्हणत घालवला होता, पण ते सहा कशाचे हे तिला कधी विचारावं लागलं नव्हतं. हसनैननं पोलादी पट्टी आणली आणि बांगडीच्या आतून धरली. दोन इंच झाले, आणि पुढे थोडं. इंचाच्या सोळा बारीक रेघा असतात. त्यातल्या सहाव्या रेघेवर बांगडीची कड आली. त्यानं दोन-चारची बांगडी धरली, दोन इंच आणि चार रेघा. मग स्टुलावर चढून कोपऱ्यातला दोन-दहाचा डबा काढला. दोन इंच आणि दहा रेघा.

"सोळातले सहा," तो हळूच म्हणाला. "दशांश नाहीतच हे, नानी. म्हणून दोन-दहा मोठी!"

एवढीच गोष्ट होती. त्यानं २.६ पुसून २.३७५ लिहिलं, आणि मी जन्मात पहिल्यांदा माझ्या मापाचा झालो. हलीमाबीनं बांगडी पुन्हा ठेवली. माझी रेघ तिच्या काचेखाली दिसेनाशी झाली. मला केवढं बरं वाटलं म्हणून सांगू! पण दुकानात कोणीच हसलं नाही. मी आता बरोबर होतो, आणि माझ्यावर विश्वास ठेवायला मोर्शीत कोणी उरलं नव्हतं.

"पेटी काढ," हलीमाबी म्हणाली.

"नानी, एसटीची पायरी..."

"पायरी मले नाही चढवली तं तू चढवसीन. पेटी काढ."

कशी चढली ते तिचं तिला माहीत. हसनैन मागून, कंडक्टर पुढून, आणि बसभर तिचं कण्हणं. मी हसनैनच्या वरच्या खिशात. मोर्शीच्या त्या घरासमोर मांडव पडला होता. गोदाबाई दारात आल्या, आणि हलीमाबीला बघून त्यांनी आतून पाण्याचा तांब्या आणवला. या म्हणाल्या नाहीत, जा असंही म्हणाल्या नाहीत. ओसरीवर नवरदेवाची आत्या बसली होती. "पुन्हा वाढल्या म्हंजे?" ती कोणाकडेच न बघता म्हणाली.

हलीमाबीनं पेटी खाली टेकवली. ती पाय लांब करून खाली बसली, प्रणालीचा पंजा हातात घेतला, कापलेल्या जागेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, "माहं चुकलं, माय. तुहा हात मी पाह्यलाच नाही." मग तिनं अंगठ्याचं बूड दाबलं. "दोन-सहा. आईचाच हात हाये."

पहिली बांगडी सांध्यावर येऊन अडली. हलीमाबीनं बोटं चोळली, प्रणालीला दुसरीकडे बघायला सांगितलं, आणि बांगडी घसरून मनगटावर बसली. मग दुसरी, तिसरी. बघता बघता दोन्ही हात हिरवे झाले, आणि शेवटी एक जास्तीची, हलीमाबीच्या मनाची. एकही वाढली नाही. गोदाबाई पुढे आल्या. "पाय पड त्यायच्या," त्या प्रणालीला म्हणाल्या, आणि स्वतःच आधी वाकल्या.

इथे तरी गोष्ट संपावी ना? पण हसनैनला राहवेना. त्यानं मला खिशातून काढलं. "काकू, आता बरोबर केलंय, एकदा ठेवून तर पाहा." प्रणालीनं आपली जुनी बांगडी माझ्यावर ठेवली. रेघेवर रेघ! केसाचाही फरक नाही. मी जन्मभर ज्या क्षणाची वाट बघितली तो हाच होता. गोदाबाईंनी वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "बरं हाये." बस. एवढंच. हसनैन इतका खूष झाला की मला परत घेताना त्याचा हात सुटला, आणि मी ओसरीच्या फरशीवर तोंडावर पडलो.

काचेचा आवाज झाला. लग्नघरात काचेचा आवाज! सगळ्या बायका जागच्या जागी थिजल्या. आत्याबाईनं तोंड उघडलं, तेवढ्यात हसनैन खाली वाकला, मला उचललं, उलटसुलट पाहिलं आणि अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "काही नाही काकू. माझा मोबाईल वाढला."

आधी आत्याबाईलाच हसू फुटलं. मग प्रणाली, मग गोदाबाई, आणि हलीमाबी तर दोन्ही हात गुडघ्यांवर दाबून हसत राहिली. चहा आला. निघताना गोदाबाईंनी आपल्या जावेच्या मुलीचं लग्न सांगून ठेवलं. चुडा हलीमाबीच भरणार, पण तिला न्यायला गाडी येणार, असं ठरलं.

तेव्हापासून माझ्यावरून एक आडवा तडा गेलेला आहे. हसनैननं काच बदलली नाही. पेज चालू आहे, दोन-दहा परत आलं, आणि माझ्या अंगावर आता ठळक अक्षरांत सूचना आहे: नंबर कळवण्याआधी हलीमाबीला फोन करा. म्हणजे मी बरोबर असलो तरी शेवटी विचारायचं तिलाच. मग मी कशाला, असा प्रश्न मी विचारत नाही. विचारून उपयोग नाही, मला तोंड नाही.

पण तुमच्याकडे एक मागणं आहे. माझ्यासारख्याला माप द्याल तेव्हा कागदावरचा आकडा देऊन मोकळे होऊ नका, खरी बांगडी एकदा माझ्यावर ठेवून पाहा. आम्ही सांगाल ते ऐकतो. तुम्हाला काय म्हणायचं होतं ते आम्हाला कळत नाही. आणि पुढेमागे माझ्यात बिघाड झालाच, मी मोडलो, बंद पडलो, तर मेहेरबानी करून सरळ तसं सांगा. वाढला म्हणू नका. कोणीतरी येऊन मला आणखी मोठा करून ठेवील.